बरणीतला अंतराळवीर

"निघालं रे निघालं! महाराज, हात काढा, यान निघालं!"

अंधेरीच्या सात बंगल्याजवळच्या नवआशा सोसायटीच्या आवारात त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. चौऱ्याऐंशी सालचा एप्रिल महिना. आपल्या देशाचा माणूस पहिल्यांदाच अंतराळात चालला होता. यान रशियाचं, माणूस आपला, आणि त्याची काळजी वाहायला अख्खी सोसायटी खाली उतरली होती. मांडवात दोन टेबलं मांडली होती. एकावर सेक्रेटरी टिपणिसांचा टीव्ही आणि दुसऱ्यावर पाण्यानं भरलेली भलीमोठी काचेची बरणी. बरणीच्या तोंडावर भगवं फडकं घट्ट ताणून बांधलेलं आणि आतल्या पाण्यात बोटाएवढा निळ्या काचेचा पुतळा. तो म्हणे अंतराळवीराचा 'सूक्ष्म देह'. असं सांगणारे व्योमानंद महाराज डोळे मिटून, फडक्यावर पंजा ठेवून बसले होते. पुतळा तळाशी होता.

गडबड एवढीच झाली, की टीव्हीवर उलटे मोजले जाणारे आकडे रशियनमध्ये होते. महाराजांना ते कळले नाहीत. पडद्यावर धुराचे लोट उठले, यान ढगात गेलंसुद्धा, आणि पुतळा आपला तळाशीच. लोक ओरडले तसा महाराजांनी दचकून हात उचलला आणि पुतळा सुळ्ळकन वर आला.

"जरा लेट झालं," मागून कोणीतरी म्हणालं.

"सूक्ष्म देह स्थूल देहाच्या मागून येतो, मूर्खा!" महाराज गरजले. "रशियानं काय दिलं? लोखंड दिलं, पेट्रोल दिलं. पेट्रोलनं स्कूटर चालते, अंतराळ चालत नाही! वाटेत राहू उभा, केतू आडवा, शनीचा तर टोलनाकाच आहे. तिथून पास कोणी काढला?"

"महाराजांनी!" आवार दुमदुमलं. वेसाव्याहून मासे विकायला येणाऱ्या सोनूबाईनं टोपली खाली ठेवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. कोणी पेढे वाटले, कोणी एकमेकांना उचलून घेतलं. सगळ्यांत जास्त नाचले ते सोसायटीचे सेक्रेटरी भाऊ टिपणीस. इतके, की त्यांचा चष्मा कोणाच्या तरी खिशात सापडला.

भाऊ एरवी नाचणारे नव्हेत. सरकारी कचेरीतले हेडक्लार्क, मुळातच धास्तावलेला माणूस. गॅस बंद केला की नाही ते पाहायला जिन्यातून परत फिरणारे. तेरा वर्षांपूर्वी रशियाचे तीन वीर परत येताना यानातली हवा निघून गेली आणि तिघंही गेले, ही बातमी त्यांनी तेव्हा वाचली होती आणि ती डोक्यातून कधी उतरली नव्हती. आता आपला माणूस तसल्याच यानातून जाणार म्हटल्यावर त्यांची झोप उडाली. अशा वेळी व्योमानंद महाराज आले आणि 'घाबरू नकोस, मी आहे' म्हणाले. भाऊंनी सोसायटीचं ऑफिस त्यांना राहायला देऊन टाकलं.

भाऊंची बायको वसुधा म्युनिसिपालिटीच्या शाळेत विज्ञान शिकवायची. ती एकदाही खाली उतरली नाही.

"भोंदू आहे तो," ती म्हणायची.

"मग पुतळा खाली-वर कसा होतो, सांग!"

"मी पाहिलेला नाही, कसं सांगू? पण न पाहताही एवढं सांगते, राहूचा पास कोणी काढत नाही."

यान वर पोचलं आणि महाराजांचा भाव त्याच्याही वर गेला. अंतराळवीर फिरत होता तेवढे दिवस बरणीपुढे रांग लागायची. कोणाचं लग्न, कोणाचं दुबईचं काम. महाराज फडक्यावर हात ठेवून पुटपुटायचे. पुतळा वर राहिला तर होकार, बुडाला तर नकार. आणि नकार आला की 'व्योमकवच' नावाचा ताईत होताच.

भाऊंनाही एक प्रश्न विचारायचा होता. त्यांची मुलगी क्षमा कॉलेजात एनसीसीत होती आणि तिची निवड हडपसरच्या ग्लायडिंग कॅम्पला झाली होती.

"ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान, भाऊ," तिनं हौसेनं सांगितलं होतं.

"इंजिन नसलेलं? मग त्याला विमान का म्हणतात?"

तेव्हापासून भाऊ परवानगीची सही उद्यावर ढकलत होते. एके संध्याकाळी ते रांगेत उभे राहिले. त्यांनी प्रश्न विचारला. महाराजांनी हात ठेवला. पुतळा डुचमळला आणि सरळ तळाशी जाऊन बसला.

"पोरीचं आकाश बंद आहे," महाराज म्हणाले. "जमिनीवर ठेव. स्थळं बघ."

भाऊ घामाघूम होऊन घरी आले आणि म्हणाले, "कॅम्प रद्द."

क्षमा रडली नाही. ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही घाबरून नाही म्हणाला असता ना, तर मी भांडले असते. पण तुम्ही बरणीला विचारून नाही म्हणालात. आता मी कोणाशी भांडू, त्या काचेच्या बाहुल्याशी?" आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं. भाऊंना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. महाराज बी विंगमध्ये पुरणपोळीला गेले होते आणि बरणीची राखण भाऊंवर होती. ऑफिसात दुसरं कोणी नव्हतं. पुतळा वर शांत तरंगत होता. भाऊंना वाटलं, पुन्हा एकदा विनवून बघावं. त्यांनी दोन्ही हात फडक्यावर टेकले, त्यावर कपाळ ठेवलं आणि म्हणाले, "देवा, एकुलती एक पोर आहे हो!"

डोळे उघडले तर पुतळा तळाशी!

आता पोरीचा विचारसुद्धा मागे पडला. वर आपला माणूस फिरतोय आणि आपण इथे, अंधेरीत, त्याला बुडवला! ते झटकन मागे सरले. पुतळा वर आला. "वाचला," भाऊ पुटपुटले आणि आधारासाठी पुन्हा बरणीवरच हात टेकला. पुतळा पुन्हा खाली!

मग मात्र ते अनवाणीच सुटले आणि जिना चढून धापा टाकत स्वयंपाकघरात घुसले.

"वसुधा, वाट लागली! माझ्या हातून घात झाला! मी त्याला खाली पाडलाय, रशियाला फोन कुठून लावायचा?"

वसुधानं कालथा खाली ठेवला. "आधी पाणी प्या. हात कुठे टेकला होता तुम्ही?"

"फडक्यावर. दाबला गेला जरासा. खाली मऊ लागलं, फुग्यासारखं."

"फुग्यासारखं?" वसुधा ओट्याला धरून इतकी हसली की क्षमा दार उघडून बाहेर आली.

"क्षमा, सरबताची रिकामी बाटली काढ. आणि भाऊंच्या शाईच्या पेनाचा ड्रॉपर आण."

बाटली काठोकाठ भरली. ड्रॉपरमध्ये थोडं पाणी घेऊन तो आत सोडला. तो जेमतेम तरंगू लागला. बाटलीच्या तोंडावर वसुधानं कापलेला फुगा ताणून बांधला आणि म्हणाली, "या, दाबा."

भाऊंनी भीत भीत बोट दाबलं. ड्रॉपर खाली गेला. बोट उचललं, वर आला.

"ड्रॉपरमध्ये थोडी हवा अडकली आहे. वरून दाबलं की ती हवा आवळली जाते, तेवढं पाणी आत शिरतं, ड्रॉपर जड होतो, बुडतो. दाब काढला की हवा फुलते, पाणी बाहेर ढकलते, हलका होऊन वर येतो. तुमच्या पुतळ्याच्या तळाला भोक असणार."

भाऊंनी पुन्हा दाबलं. मग पुन्हा. मग ते हसू लागले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. "म्हणजे क्षमाचं आकाश..."

"महाराजांच्या अंगठ्यानं बंद केलं होतं," क्षमा म्हणाली.

यान उतरायचं होतं त्या दुपारी आवार पुन्हा फुललं. महाराज नवी शाल पांघरून आले. "आज मी त्याला अलगद खाली उतरवणार," ते म्हणाले आणि पंजा पुढे केला.

"थांबा महाराज," भाऊ उठले. चारचौघांत उठून बोलायची त्यांना सवय नव्हती. "आज सेवेचा मान दुसऱ्या कोणाला तरी द्या. सोनूबाई, पुढे या. हात ठेवा त्या फडक्यावर. जोरात."

"मी? माजे हाताला मावऱ्याचा वास हाय."

"चालेल, ठेवा."

सोनूबाईनं हात दाबला. पुतळा बुडाला. ती किंचाळली, हात काढला, पुतळा वर. तिनं पुन्हा दाबला. "अगो बाय! मी बी बुडवला की रं! मना बी सिद्धी आली!"

मग कोण थांबतंय! दुधवाला आला, बी विंगच्या आजी आल्या, पोरं टेबलावर चढली. जो तो अंतराळवीराला बुडवू लागला आणि वर काढू लागला. आवारात हास्याचा नुसता कल्लोळ उठला.

"ही माझी शक्ती तुमच्यात उतरली!" महाराज ओरडले.

"मग जाताना परत घेऊन जा," भाऊ म्हणाले आणि त्यांनी सुतळी सोडली. भगव्या फडक्याखाली फुटबॉलच्या ब्लॅडरचा तुकडा होता. वसुधानं पुतळा बाहेर काढून सगळ्यांना तळाचं भोक दाखवलं आणि आवळणाऱ्या हवेची गोष्ट पुन्हा एकदा सांगितली. ती ऐकण्यात लोक गुंतले तेवढ्यात महाराज नव्या शालीसकट फाटकाबाहेर पडले.

हसू ओसरलं तशी सोनूबाई गंभीर झाली. "पन मंग त्या पोराला आता उतरवनार कोन?"

सगळे वसुधाकडे बघू लागले. हीच भीती भाऊंनाही होती.

"ज्यांनी चढवला ते," वसुधा म्हणाली. "यानाला पॅराशूट आहे. जमीन जवळ आली की खालून छोटी रॉकेटं पेटतात आणि धक्का कमी करतात. मागे तिघं गेले, तेव्हा त्यांनी कोणाचा कोप झाला ते शोधलं नाही. हवा कुठून गेली ते शोधलं, आणि ते सुधारलं. धोका आहेच. पण तो मोजणारी माणसं तिथे बसली आहेत."

कोणाच्या तरी खिडकीतला रेडिओ मोठा झाला. बातमी आली, आपला माणूस आणि त्याच्याबरोबरचे दोघे रशियन, तिघंही अंतराळवीर सुखरूप उतरले. एकच जल्लोष झाला. आणि पोरांनी पुन्हा पाण्यात सोडलेला पुतळा मात्र बरणीत वरच तरंगत होता. त्याला कोणी काही कळवलंच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात भाऊ क्षमाबरोबर स्वतः हडपसरला गेले. ओढायचा दोर कोण तपासतं, शिकवणारा सोबत बसतो का, वारा वाढला तर काय करता, असे प्रश्न विचारून त्यांनी तिथल्या प्रशिक्षकांना भंडावून सोडलं. सगळी उत्तरं मिळाल्यावर त्यांनी सही केली. क्षमा वर गेली तेव्हा ते दोर तपासणाऱ्याला पुन्हा तेच प्रश्न विचारत होते. ती उतरेपर्यंत विचारतच राहिले.

भीती वाटण्यात काही चूक नाही. जिवाची माणसं वर गेली की ती वाटणारच. पण ती भीती घेऊन कोणाकडे जायचं, एवढं मात्र आपल्या हातात असतं. बाबाला शरण जाऊ नका, बरणीला कौल लावू नका. ज्यानं यंत्र बांधलं आणि जो ते चालवतो त्याच्यासमोर उभे राहा आणि विचारा. उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारा. आणि जो प्रश्न विचारू देत नाही, त्याच्या हाताखाली काय दडलंय ते आधी बघा.