जिवंत माणसासाठी विसावा

पाळकसाहेबांच्या पोटात दुखत होतं, आणि ते औषधाने बरं होणारं दुखणं नव्हतं. चौकातल्या गोदामात नव्या पाळकाने स्वतःची मंडळी सुरू केली आणि इकडे जुन्या चर्चमधली बाकं रिकामी होत गेली. आधी गाणारी पोरं गेली, मग त्यांच्या आया. प्रार्थनेत सगळ्यांचे डोळे मिटले की पाळकसाहेब एक डोळा किलकिला करून डोकी मोजायचे, आणि नंतर उपदेशात राग काढायचे तो नेमका आलेल्यांवर.

"त्याच्याकडे माइक आहे, माझ्याकडे खोकला," ते बायकोला म्हणायचे.

"मग खोकल्याचं औषध घ्या," ती म्हणायची.

सेवा सोडून मेव्हण्याच्या दुकानात बसायचं त्यांनी जवळजवळ ठरवलंच होतं. अशात म्हातारा सुतार वारला. दफनाला निम्मी गर्दी गोदामातली, कारण सुताराची सून तिकडे जायची. आणि पुढ्यातच नवा पाळक उभा, कडक इस्त्रीत. लोक शवपेटीकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघत होते. पाळकसाहेबांचा नुसता जळफळाट झाला, आणि शेवटच्या प्रार्थनेत सुताराच्या नावाऐवजी मनात होतं ते ओठांवर आलं.

"हे प्रभू," ते मोठ्याने म्हणाले, "चौकातल्या मंडळीचा पाळक, तुझा हा थकलेला सेवक, याला आता कायमचा विसावा दे."

सुताराच्या बायकोने रडणं थांबवून वर पाहिलं. आता जीभ चावून काय उपयोग? तेवढ्यात नवा पाळक खाली मान घालून स्वच्छ आवाजात म्हणाला, "आमेन."

लोक पांगल्यावर तो जवळ आला. पाळकसाहेब माफीची जुळवाजुळव करू लागले.

"राहू द्या," तो म्हणाला. "थकलेला म्हणालात, तेवढंच मला ऐकू आलं. इथे आल्यापासून कुणी विचारलं नाही हो. लोक गाण्यासाठी येतात, गाणं संपलं की घरी. सुतारबाबांच्या शेवटच्या आजारात सुनेने मला बोलावलं, तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. म्हणाले, माझा पाळक आणा. फार हेवा वाटला मला तुमचा. या रविवारी मी सोडतोय."

पाळकसाहेबांना आनंद झाला. खोटं कशाला बोला? चांगला उकळ्या फुटणारा आनंद. गोदामाला कुलूप, पोरं परत, आया परत. फक्त 'देवाची इच्छा' एवढंच म्हणायचं होतं, आणि ते कुठल्याही पाळकाला झोपेतही म्हणता येतं.

त्यांनी तोंड उघडलंही. पण समोरचा चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. दर रविवारी उपासना संपवून घरी आलं की आरशात तोच दिसायचा.

"सोडू नकोस," ते म्हणाले, आणि म्हणताना दाढ उपटल्यासारखं दुखलं. "मीही सोडणारच होतो. मंडळीला पाळक असतो रे, पाळकाला कोण असतं? बस इथे. आज मी तुझा पाळक."

तो दफनभूमीच्या कठड्यावर बसला आणि रडू लागला. रडतानासुद्धा त्याचा आवाज सुरेल होता. पाळकसाहेबांना त्याचाही हेवा वाटला, पण त्याच्या खांद्यावरचा हात त्यांनी काढला नाही.