बाबांच्या गाडीचं हेड

बाबांना इंजिनातलं सगळं कळतं, माणसांतलं काही कळत नाही, असं आई म्हणायची. तेव्हा मला ते पटायचं नाही. हल्ली दिवसातून दोनदा पटतं.

आई गेली आणि बाबांनी सांगलीचं गॅरेज बंद केलं. मग कुणाला न विचारता जुनी मारुती काढून थेट कोलकात्याला निघाले, माझ्याकडे. खडगपूरच्या अलीकडे गाडी तापली, इंजिनाच्या हेडखालचं गॅसकेट जळलं आणि आमचे पाहुणे दुसऱ्या गाडीला टोचन होऊन कोलकात्यातल्या न्यू टाउनला पोचले. तेव्हापासून गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणि बाबा आमच्या हॉलमध्ये. कपाटाचा एक खण रिकामा करून दिला, तर त्यात त्यांनी पाने-स्क्रूड्रायव्हर ठेवले. कपडे अजून बॅगेतच.

लेकीच्या घरी राहायचं नसतं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं आहे. दुसरी पोळी वाढली की म्हणणार, गाडी चालू झाली की निघतो. केयूर, माझा नवरा, भला माणूस. घाई काय आहे, असं त्याने म्हणून पाहिलं, तर बाबांनी हवापाण्याचा विषय काढला. मी मात्र कधी 'राहा' म्हटलं नाही. तो शब्द माझ्या तोंडून निघाला की हा माणूस ओशाळून त्याच दिवशी निघेल, अशी माझी खात्री होती. वय बहात्तर, उजवा खांदा आखडलेला, आणि एकट्याने अर्धा देश ओलांडून सांगलीच्या रिकाम्या घरात जाऊन बसायचं. विचार आला की मला एका जागी बसवत नसे.

मल्लिक बाजारातल्या वर्कशॉपमधून तापून वाकलेलं हेड सपाट करून आलं. बाबांना खांद्यामुळे पाना ओढता येईना, म्हणून रविवारी सकाळी मी बोनेटमध्ये वाकले आणि ते प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून हुकूम सोडू लागले. आधी बोल्टांची भोकं पुसून कोरडी करायला लावली. तळाशी तेल साचलं तर वर बोल्ट घट्ट लागतो आणि खाली ब्लॉक तडकतो, हे त्यांनी तीनदा ऐकवलं. मधल्या बोल्टापासून सुरुवात, मग समोरासमोर, तिरपं, बाहेरच्या कोपऱ्यांकडे. पहिल्या फेरीत थोडं, दुसऱ्या फेरीत आणखी, शेवटच्या फेरीत पूर्ण. टॉर्क पाना हिसका न देता ओढायचा, हवा तेवढा जोर लागला की तो 'कट्' म्हणतो, तिथे थांबायचं. त्यापुढे केसभरही नाही.

माझं लक्ष लागत नव्हतं. गॅस बंद केला का ते बघायला उगीच वर जाऊन आले. खाली आले तर वॉचमन विचारत होता, "दादू, गाडी चलेगा?" बाबा म्हणाले, दौडेगा. वॉचमनने बिचाऱ्याने काही वाईट विचारलं नव्हतं, पण मी त्याला गेटवर जायला सांगितलं.

शेवटच्या फेरीत शेवटचा बोल्ट राहिला. केबिनच्या बाजूचा, कोपऱ्यातला, अंधारातला. पाना चढवला आणि हात थांबला.

हा एवढा एक ढिला ठेवला तर? दोन-चार दिवसांत पाणी झिरपेल, गाडी पुन्हा तापेल, पुन्हा हेड उतरवायचं, पुन्हा मल्लिक बाजार. बाबा इथेच. खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती, फक्त ओढायचं नव्हतं. आणि झिरपायच्या आधीच ते निघाले तर? रायपूरच्या अलीकडे, भर उन्हात, बोनेट उघडून एकटे उभे असलेले बाबा मला दिसले. मग मला भयंकर राग आला. त्यांचा, माझा, त्या मारुतीचा. मी दात आवळून पाना ओढला आणि तो 'कट्' म्हणाला.

बाकीची जुळवाजुळव होईस्तोवर दुपार टळली. केयूरने खाली येऊन रेडिएटरमध्ये पाणी भरलं आणि तो चहा टाकायला वर गेला. बाबांनी किल्ली फिरवली. गाडी जरा खोकली आणि सुरू झाली. इंजिन तापलं, पंखा लागला, तरी कुठे एक थेंब नाही. इतकं चोख काम मी आयुष्यात केलं नसेल, आणि मला रडू येत होतं.

"झाली तुमची गाडी," मी म्हणाले. "कधी निघताय?"

बाबांनी इंजिन बंद केलं. बाहेर येऊन कितीतरी वेळ फडक्याला हात पुसत राहिले.

"कोपऱ्यातल्या बोल्टाला तू थांबली होतीस."

"हो."

"मला वाटलं, आता ढिला सोडतेस. म्हटलं, सुटली एकदाची ही जाण्याची कटकट." ते फडक्याकडेच बघत होते. "मग कट् ऐकू आलं. म्हटलं, संपलं. हिलाही आपण जायलाच हवे आहोत."

मी त्यांच्यावर ओरडले. जन्मात पहिल्यांदा, पार्किंगमध्ये, चार लोकांदेखत. मग तोंडाने सांगायला काय झालं होतं, राहायचंय म्हणून?

"लेकीकडे कसं मागायचं, मंजू?"

"नका मागू," मी म्हणाले. "मी मागते. राहा."

आखडलेला हात पुरा वर जाईना, म्हणून दुसऱ्या हाताचा आधार देऊन बाबांनी तो माझ्या डोक्यावर ठेवला. मी हलले नाही.