बद्द आवाज

मुलीने पेटीतला सहावा खिळा बाबांच्या मागे पसरलेल्या तळहातावर ठेवला. करड्या घोडीचा पुढचा उजवा पाय बाबांच्या गुडघ्यांमध्ये होता, नाल बसली होती आणि पाच खिळे आपापल्या भोकांतून नीट गेले होते. बाबांनी सहावा खिळा अंगठ्याने चाचपून भोकात धरला आणि हातोडी उचलली. पहिला ठोका टणक वाजला, दुसराही. तिसरा बद्द वाजला.

तडा गेलेल्या मडक्यावर टिचकी मारावी, तसा. करडीने पाय आखडला आणि मान झटकली.

"बाबा," मुलगी म्हणाली.

"काय?"

"आवाज."

"कसला आवाज? माशी बसली असेल. मान धर तिची नीट."

पलीकडे खांबाला टेकून, पाठ करून तबेल्याच्या मालकीणबाई फोनवर बोलत उभ्या होत्या. बाबांनी आणखी दोन ठोके मारले, खुरातून बाहेर आलेलं खिळ्याचं टोक पिळून तोडलं, उरलेलं वळवलं आणि वरून कानस फिरवली. करडीचा पाय मात्र त्यांनी नेहमीपेक्षा हळू खाली ठेवला.

आवाजाचं तिला बाबांनीच शिकवलं होतं. खुराच्या बाहेरच्या कडेला जीव नसतो, आपल्या नखासारखं. खिळा तिथून गेला की टणक वाजतो. आत मांस असतं. खिळा तिकडे वळला की बद्द. "डोळे फसवतील, कान नाही फसवणार," असं ते म्हणायचे, आणि तेव्हा त्यांचे डोळे चांगले होते. आता दोन वर्षं ते कपाच्या शेजारी चहा ओतत होते आणि दारातून जाताना चौकटीला खांदा घासत होते. आहे तेवढी नजर टिकली तरी नशीब समजा, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि घराबाहेर कोणाला कळू द्यायचं नव्हतं. दोन तबेल्यांनी नारळ दिलाच होता. हा तिसरा, शेवटचा. इथेही बाईंनी मागच्या महिन्यात स्पष्ट बजावलं होतं की तुमच्या हातून आणखी एक घोडा लंगडला, तर मी दुसरा नालबंद बघीन.

मुलगी सोळा वर्षांची होती आणि घोड्यांच्या नावाने ठार वेडी होती. तिच्याकडे दोनशे पानी वही होती. एकेका जातीला एकेक पान: अरबीचा तोंडावरचा खळगा, नांगराच्या थोराड घोड्यांच्या पायांवरची झालर, वाळवंटातल्या त्या घोड्यांची सोन्यासारखी चमकणारी कातडी, जी तिने फक्त चित्रात पाहिली होती. तबेल्याचा मोतद्दार तिला प्रोफेसर म्हणे. "प्रोफेसर, आमच्या सासूबाईंची चाल कुठली हो, दुडकी की चौखूर?" असं विचारून स्वतःच खो खो हसे. तीही हसे, आणि मग दुडक्या चालीत पाय कुठल्या क्रमाने पडतात ते त्याला पुन्हा एकदा ऐकवी.

करडी कुठल्याच जातीची नव्हती. डोकं एकीकडचं, कंबर दुसरीकडची, शेपूट तर उसनं आणल्यासारखं. वहीत तिला बसवायला जागा नव्हती म्हणून मुलीने शेवटचं पान तिला दिलं होतं. बाबांच्या कामाच्या जोडीला तिला रविवारी अर्धा तास करडीवर बसायला मिळे. एकदा तिचा पाय रिकिबीतून निसटला, तर कोणी लगाम न खेचता करडी आपली आपण थांबली होती आणि पाय परत आत जाईपर्यंत हलली नव्हती. आठवड्याचे बाकीचे दिवस त्या अर्ध्या तासाकडे जाणारा रस्ता होते.

तिसऱ्या दिवशी करडी लंगडायला लागली. उजवा पाय टेकला की मान वर उचलायची.

"खांदा धरलाय," मोतद्दार म्हणाला आणि खांद्याला तेल चोळायला बसला.

मुलीने खुरावर हात ठेवला. खूर गरम होता. घरी आल्यावर तिने बाबांना तसं सांगितलं.

"उन्हात उभी असेल."

"डावा गार आहे. बाबा, खिळा काढू या. सकाळी लवकर जाऊ, कोणी नसतं. मी धरते तिला."

"आणि कोणी बघितलं तर? काय सांगू, सहावा खिळा कशाला काढतोय?" बाबा ताटातली पोळी चाचपत होते. पोळी ताटाबाहेर पडली होती. आईने ती उचलून गुपचूप ताटात ठेवली. "दोन दिवस बघू. कधी कधी आपसूक बसतं."

दोनाचे सात झाले. मुलगी रोज सकाळी ठरवायची की आज बाईंना सांगायचं, आणि रोज तबेल्यात गेल्यावर तिची दातखीळ बसायची. सांगितलं तर बाबा गेले, नाही सांगितलं तर करडी. दोनशे पानं भरून घोडे माहीत होते तिला, आणि या एका घोडीबद्दल जे फक्त तिलाच माहीत होतं, ते ती गिळून बसली होती. तिला स्वतःची लाज वाटत होती.

दहाव्या दिवशी करडी आडवी झाली आणि बाईंनी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी खांद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी मोठा चिमटा घेऊन खूर कडेकडेने दाबत नेला. सहाव्या खिळ्यापाशी करडी अशी कण्हली की मोतद्दाराच्या हातातली तेलाची बाटली खाली पडली. डॉक्टरांनी पकडीने खिळा उपसला. मागोमाग काळं पाणी आलं आणि वास सुटला.

"किती दिवस झाले नाल मारून?"

"दहा," बाई म्हणाल्या.

"दुसऱ्याच दिवशी हा उपसला असता, तर आठवड्यात पळाली असती." डॉक्टरांनी हात पुसले. "आता हाडापर्यंत गेलंय. उठणार नाही ती. उगाच हाल करू नका तिचे."

बाई बाबांकडे वळल्या. बाबा भिंतीला हात लावून उभे होते.

"हा खिळा कोणी मारला?"

"मी," मुलगी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"तुम्ही पाठ करून फोनवर बोलत होतात. बाबा पाणी प्यायला गेले. एकच राहिला होता. मला मारून बघायचा होता."

"आता सांगतेस होय!" मोतद्दार ओरडला. त्याचे डोळे भरले होते. "वरातीमागून घोडं!"

मुलगी बाबांकडे बघत राहिली. त्यांनी काही बोलावं असं तिला वाटत होतं आणि बोलू नये असंही वाटत होतं. बाबांनी घसा साफ केला.

"शंभरदा बजावलं होतं मी तिला," ते म्हणाले. "हातोडीला हात लावायचा नाही म्हणून."

बाईंनी जास्त शब्द वाया घालवले नाहीत. मुलीने आत्ताच्या आत्ता बाहेर व्हायचं. पुन्हा फाटकाच्या आत पाऊल पडलं, तर त्या दिवसापासून बाबांचंही काम बंद. तिने करडीच्या मानेला एकदा हात लावू का, असं विचारलं. बाई नाही म्हणाल्या. डॉक्टर इंजेक्शन भरत होते. मुलगी फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली आणि कान देऊन ऐकत राहिली, पण काहीच ऐकू आलं नाही.

घरी जाताना रस्ता ओलांडायला बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि घर येईपर्यंत काढला नाही.

"निभावलं म्हणायचं," ते म्हणाले. "तुला आत जाता येणार नाही, एवढंच."

"एवढंच," ती म्हणाली.

सहा आठवड्यांनी तांबड्याची नाल बदलायची वेळ आली. तांबडा म्हणजे तबेल्यातला सगळ्यात गरीब घोडा. नवशिकी पोरं त्याच्या आयाळीला लोंबकळायची आणि तो डोळे मिटून उभा राहायचा. मुलीने बाबांना फाटकापर्यंत आणून सोडलं, पेटी त्यांच्या हातात दिली आणि समोरच्या कट्ट्यावर बसली. आता तिचा हाच नेम होता. वही तिने हल्ली उघडली नव्हती. नाल मारायची जागा फाटकाच्या आत पंधरा पावलांवर, भिंतीआड होती, त्यामुळे दिसत काही नसे, ऐकू मात्र सगळं येई.

जुनी नाल उचकटल्याचा आवाज आला. मग खूर तासल्याचा. मग खिळे सुरू झाले. ती मोजायला लागली. पहिला टणक, दुसरा टणक, तिसराही. प्रत्येक खिळ्याआधी थोडी शांतता होती. बाबा पेटीत स्वतःच चाचपत असणार.

चौथ्या खिळ्याचा दुसरा ठोका बद्द वाजला.

ती उठून उभी राहिली. आत तांबड्याचे खूर फरशीवर घसरले आणि मोतद्दाराने त्याला "हो, हो" केलं. आता पकडीचा आवाज यायला हवा होता. ती थांबली. बाबांनी ऐकलंच असणार; कान त्यांचे शाबूत होते. तिने मनात दहापर्यंत मोजलं. पकड वाजली नाही. पुन्हा हातोडी वाजली, आणि पाठोपाठ कानस.

मुलीने फाटकाची कडी काढली. गंजलेली होती, करकरली. मोतद्दाराने मान वर केली. व्हरांड्यातल्या खुर्चीवरून बाई उठल्या.

"ए! तुला काय सांगितलं होतं?"

ती चालत राहिली. पंधरा पावलं होती. बाबा वाकलेले होते, तांबड्याचा पाय त्यांच्या गुडघ्यांमध्ये होता आणि कानस खुरावर तशीच थांबली होती. त्यांनी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी त्यांना नीट दिसलं नसतं. पण तिची पावलं त्यांना ओळखू यायची. बाई पायऱ्या उतरून आल्या होत्या.

बाबांनी कानस खाली ठेवली आणि उजवा हात मागे पसरला, खिळा मागताना पसरायचे तसा.

"पकड दे," ते म्हणाले.

तिने पेटीतली पकड काढली आणि त्यांच्या हातात दिली.