रेडियमची खोली

पाळी बंद होऊन वर्षं लोटली आणि माझ्या अंगावरून पुन्हा जाऊ लागलं. आमच्या वाशी गावातल्या बायका हसल्या, दगडाबाई परत तरणी झाली म्हणाल्या. मीही हसले, पण आतून भ्याले होते. मग वास येऊ लागला. तेव्हा मुलगा महारुद्र मला येडशी स्टेशनातून छोट्या रुळाच्या आगगाडीत घालून परमुलखातल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन आला. सून कस्तुरा पोटुशी होती, सातवा लागलेला. तिला घरी राहा म्हटलं तर ऐकेना. बाईमाणसाजवळ बाईमाणूस पाहिजे, एवढंच तिचं.

डॉक्टरांनी पिशवीच्या तोंडाशी रेडियमच्या नळ्या बसवल्या, आतली गाठ जाळायला. नर्सबाईंनी बजावलं, अजिबात हलायचं नाही, नळ्या सरकल्या तर भलतंच जळेल. नळ्यांतून न दिसणारी किरणं निघतात, ती पोटातल्या लेकराला बाधतात, म्हणून खोलीत कुणी यायचं नाही आणि गरोदर बाई तर दारातसुद्धा नको. मग दार ओढून त्या गेल्या.

जन्मात मी कधी एकटी निजले नव्हते. नळ्या ना गरम लागत होत्या ना गार, म्हणूनच भीती जास्त. विंचू दिसला तर त्याला चप्पल तरी मारता येते. शिंक येईल की काय, याचीही धास्ती. कुणीतरी यावं, नुसतं उशाशी बसावं, असं फार वाटत होतं.

आणि कस्तुराच आली, चहाची कपबशी घेऊन. माझ्या कपाळावरचा घाम तिनं पदरानं टिपला. किती बरं वाटलं मला! मग तिचं पोट पलंगाला टेकलं आणि माझं काळीज लटकन हललं.

जा म्हटलं. रेडियम सांगितलं, किरणं सांगितली. ती हसली.

"दिसत न्हाय त्याला काय भ्यायचं, आत्या?"

मला उठता येत नव्हतं, तिला ढकलता येत नव्हतं. मग तिला पटेल तेच बोलले.

"अंगावर जातंय माझ्या, बाहेरची हाय मी. शिवलीस मला. माझा विटाळ तुझ्या लेकराला बाधंल. आंधळं निपजलं तर मला बोल लावू नगंस."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. कपबशी तिथंच ठेवून ती मागं न बघता गेली. ज्या विटाळानं मला जन्मभर दर महिन्याला गोठ्यात बसवलं, त्याचंच नाव घ्यावं लागलं.

बाहेर नळ सुटला. उघड्या राहिलेल्या दारातून दिसलं, विटाळ धुवायला लुगड्यासकट ती डोक्यावरून पाणी घेत होती आणि रडत होती. हाक मारू नये म्हणून मी पदर दातांत धरला.

थोडाच वेळ बसली होती ती. पण थोडा म्हणजे किती चालतो, हे नर्सबाईंना विचारायचा मला धीर होईना.