फ्योन: वाऱ्याच्या नावावर खपवलेली चूक

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. मला ना हात, ना पाय. माणसांच्या जिभेवर बसूनच मी मुलुखामुलुखांत फिरलो. लॅटिन भाषेत माझा जन्म झाला. तिथे मी ‘फावोनियस’ होतो, म्हणजे वसंत घेऊन येणारा पश्चिमेचा मंद वारा. माझी चाहूल लागली की माणसे हिवाळा विसरत. केवढा मान होता मला!

पुढे मी डोंगर चढलो. बोलून बोलून लोकांनी मला झिजवले आणि माझा ‘फ्योन’ झाला. आता मी उतारावरून येणारा, बर्फ वितळवणारा गरम वारा होतो. केस वाळवायचे यंत्र निघाले, तेव्हा त्यालाही माझेच नाव मिळाले. पण डोंगरात माझी अब्रू गेली. कुणाचे डोके दुखो, कुणाचे भांडण होवो, खापर माझ्यावरच फुटे.

तिथल्या एका पार्लरमध्ये दोघी बहिणी काम करत. एकदा तो वारा सुटला असताना एका बाईंचा कान यंत्राने भाजला. यंत्र थोरलीच्याच हातात होते. पण ती धाकटीवर खेकसली, “तूच गरम करून ठेवलंस! तुझ्या हाताला वळण म्हणून नाही!”

धाकटीने ॲप्रन उतरवला आणि ती निघून गेली.

“फ्योन सुटलाय ना, डोकं ठिकाणावर राहत नाही,” थोरली बाईंना म्हणाली. बाईंनी मान डोलावली. मी त्याच जिभेवर होतो, मित्रांनो. मेल्याहून मेल्यासारखे झाले मला.

थोरलीला जेवण जाईना. सकाळी ती धाकटीच्या दारात उभी राहिली.

“फ्योनमुळे झालं गं.”

“कुठल्या? बाहेरच्या की हातातल्या?” धाकटी म्हणाली. “वारा मलाही लागत होता, ताई. मी ओरडले का कुणावर?”

थोरलीचा चेहरा उतरला. “यंत्र मीच तापवलं होतं. लाज वाटली, म्हणून तुझ्यावर ढकललं.”

“हे इथे नको. त्या बाईंसमोर सांग.”

त्या बाई पुन्हा आल्या, तेव्हा पार्लर भरलेले होते; धाकटीही आली होती. थोरलीने सगळ्यांदेखत खरे काय ते सांगितले. धाकटीने डोळे पुसले आणि बाईंचे केस धुण्यासाठी पाणी गरम करायला ठेवले.

मित्रांनो, आम्हा शब्दांना मनसोक्त वापरा, हवे तेवढे झिजवा. पण तुमची चूक आमच्या माथी मारू नका. आम्हाला ‘नाही’ म्हणता येत नाही.