मामांचे लांबलेले नऊ

व्यायामशाळा भाच्याची आणि आवाज मामांचा, अशी तिथली वाटणी होती. भाच्याला यंत्रांतलं सगळं कळायचं, माणसांतलं बेताचंच. मामांचं नेमकं उलट. शाळेत कवायत शिकवण्यात त्यांचा जन्म गेलेला, त्यामुळे निवृत्त झाले तरी घसा काही निवृत्त व्हायला तयार नव्हता. भाच्याचे मामा म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांचेच ते मामा झाले होते. त्यांच्याहून वयाने मोठ्या असलेल्या, एकेकाळी अख्खी शाळा धाकात ठेवणाऱ्या मुख्याध्यापिकाबाईही त्यांना मामाच म्हणायच्या.

मामांची मोजणी म्हणजे तिथला खरा व्यायाम. भिंतीला पाठ टेकवून, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं थांबायचं आणि मामांनी दहा म्हटलं की उठायचं. आठपर्यंत गाडी सुरळीत जायची. मग, "नऊ... नऊ... अहो नऊच झालेत अजून, घाई कसली?" असं करत मामा समोरच्याचे गुडघे न्याहाळत राहायचे. गुडघे खरंच थरथरले की लगेच दहा. नुसतंच तोंड वाकडं होत असेल, तर घोडं नवावरच अडायचं. लोक मनातल्या मनात शिव्या घालायचे आणि दुसऱ्या दिवशी वेळेआधी हजर व्हायचे. घरी मामा एकटेच. ही मोजणी सोडली तर त्यांच्या दिवसात दुसरं काही उरलं नव्हतं, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

एके दिवशी भाचा लाडात येऊन म्हणाला, "मामा, एक काम आहे. तुमच्याशिवाय कोणाला जमायचं नाही."

एवढं पुरे होतं. मामा हरभऱ्याच्या झाडावर चढले.

"सगळ्यांसाठी हेडफोन घ्यायचेत. व्यायामात टिकतील आणि टोचणार नाहीत, असे. कोणते घ्यायचे ते तुम्ही ठरवा."

"गाणी ऐकायला का?"

"असंच काहीतरी," भाचा म्हणाला आणि यंत्राला तेल घालायला निघून गेला.

मामांनी कंबर कसली. दुकानदाराकडून आलेल्या नमुन्यांपैकी एकाचीही त्यांनी गय केली नाही. वायरवाल्याची वायर वजनं उचलताना हातात अडकली. कानाच्या भोकात बसणारे घामाने बुळबुळीत होऊन दोरीवरच्या पहिल्या उडीलाच खाली आले. मानेमागून पट्टी जाणारे, बाकावर आडवं झालं की टोचायचे. एकाने चष्म्याच्या काड्या अशा दाबून धरल्या, की मामांचं कपाळ दिवसभर ठणकत राहिलं. दुसऱ्याच्या कानांवरच्या गाद्या घाम पिऊन सोलपटायला लागल्या. "दिसायला देखणा, पण अंगात दम नाही," असं म्हणून मामांनी त्याला परत खोक्यात कोंबलं.

शेवटी एक जोड मनात भरला. वजनाला हलका, कान पुरते झाकणारा, गाद्या काढून धुता येतील असा. टेबलावरून मुद्दाम पाडला तरी त्याने हूं की चूं केलं नाही. मामा भिंतीच्या आधाराने डोक्यावर उभे राहिले, तरी हा जागचा हलला नाही. शिवाय तो घातला की बाहेरचं जग बंद.

"बोलणं स्वच्छ ऐकू येतं का, तेही बघायला हवं," भाचा म्हणाला. "तुम्ही फोनमध्ये मोजा, मी भिंतीला बसतो."

भाच्याच्या मांड्या म्हणजे खांब. मामांना चेव चढला. नऊ लांबलं, आणखी लांबलं, मधे दोन टोमणे झाले, थोडं कौतुक झालं, आणि भाच्याचे गुडघे लटपटले तेव्हा कुठे दहा आलं. भाचा घाम पुसत म्हणाला, "फर्मास!"

हेडफोन आले आणि सगळ्यांच्या कानांवर चढले. त्यात गाणी नव्हती. त्यात मामा होते.

"आता घसा फोडायची गरज नाही, मामा," भाचा म्हणाला. त्याला खरोखरच आपण मोठं पुण्य केल्यासारखं वाटत होतं. "त्या दिवशी फोनमध्ये भरून घेतलेला तुमचाच आवाज, थेट कानात. तुम्ही आपले काउंटरवर आरामात बसा आणि हेडफोनच्या गाद्या तेवढ्या पुसून ठेवा."

माणसाला मामा बनवणारे जगात पुष्कळ असतात, पण जो मुळातच मामा आहे त्याला पुन्हा मामा बनवायला सख्खा भाचाच लागतो. मामांना फार लागलं. हेडफोनमध्ये खोट काढावी, तर निवड स्वतःची. आवाजात खोट काढावी, तर तोही स्वतःचाच. वर जो तो येऊन पाठ थोपटत होता, "काय निवडलेत हो मामा! कानावर आहेत हेच कळत नाही." मामा मान डोलवायचे आणि गादी पुसायचे.

अशाच एका सकाळी मुख्याध्यापिकाबाई भिंतीला पाठ टेकवून बसल्या. मामांची नजर सवयीने त्यांच्या गुडघ्यांवर गेली. गुडघे थरथरत होते. नुसती कुरकुर नव्हती ती, खरी थरथर होती. पण बाईंच्या कानात भाच्याच्या मांड्यांच्या मापाचं नऊ चाललं होतं.

"दहा!" मामा काउंटरवरून गरजले. "बाई, दहा! उठा!"

एकानेही मान वळवली नाही. भाचा स्वतःसुद्धा हेडफोन घालून वजनं उचलत होता. मामा फडकं टाकून धावले आणि त्यांनी बाईंच्या एका कानावरची गादी उचलली. "बाई, पुरे आता. दहा झाले."

बाईंनी शाळेतल्यासारखे डोळे वटारले. "अहो, नऊ चाललंय अजून. मध्ये बोलू नका, मामा काय म्हणताहेत ते ऐकू येत नाही!" आणि त्यांनी गादी ओढून पुन्हा कानावर घट्ट बसवली.

मामांनी बाईंच्या कोपराखाली हात धरला, आणि मामा दहा कधी म्हणतात याची वाट बघत ते तसेच उभे राहिले.