बठ्ठा लिहिलेली केबल

"सर, 'बठ्ठा' ही कोणत्या कंपनीची केबल असते?"

हा प्रश्न दहावी 'ब'च्या हर्षालीने भर तासाला उभं राहून विचारला. पैज लावली होती तिच्या मैत्रिणींनी, निलोफर आणि चेतनाने. 'जा गं, तू नाहीच विचारणार' एवढं म्हटलं की हर्षाली विचारतेच, हे दोघींना पक्कं ठाऊक होतं. नववीपर्यंत मान खाली घालून बसणारी ही मुलगी, वक्तृत्वात बक्षीस मिळाल्यापासून नुसती सुटली होती. सगळा वर्ग हसला. संगणकाचे भंगाळे सरही हसले आणि म्हणाले, "लावणारा माणूस धुळ्याकडचा आहे. त्यालाच विचारावं लागेल."

मित्रांनो, ती केबल माझ्याच अंगात खोचलेली होती, म्हणून तो प्रश्न मला सगळ्यात जवळून ऐकू आला. मी एक जुना स्विच आहे. दिवा लावायचं बटण नव्हे हो, नेटवर्कचा स्विच. माझ्या अंगावर एकही बटण नाही. चोवीस घरं आहेत आणि प्रत्येक घराला एक हिरवा दिवा. जळगावातल्या पिंप्राळ्याच्या एका शाळेत, संगणक कक्षाच्या भिंतीवरच्या लोखंडी रॅकमध्ये मी राहतो. वीस संगणकांच्या केबली माझ्याकडे येतात. एकाचा निरोप दुसऱ्याला पोचवायचा, एवढंच माझं काम. माझी गोष्ट मोठी नाही, पण त्यातली एक गोष्ट सांगताना मला अजून लाज वाटते. ती वगळली तर बाकी सांगण्यात काही अर्थ नाही.

माझा जन्म कारखान्यातला. एका पट्ट्यावर आम्ही शेकडो भाऊ सारख्या चेहऱ्याने पुढे सरकत होतो. तिथून खोक्यात बसून मी जळगावला आलो आणि एका डाळ मिलच्या ऑफिसात लागलो. तुरीच्या डाळीची पिवळी भुकटी तिथे दिवसभर हवेत असायची. ती माझ्या नाकातोंडात जायची, तरी मी पाच वर्षं एकदाही बंद पडलो नाही. मिलचे मालक छगनशेठ आल्यागेल्याला दाखवायचे, "हा डबा पाहा, जेवायलासुद्धा सुट्टी घेत नाही." मी फुगून जायचो. पुढे मिलला नवा, मोठा स्विच आला, आणि मी मोडक्या पंख्यांच्या शेजारी कपाटावर जाऊन पडलो. वर्षभर माझ्याकडे कोणी पाहिलं नाही.

तो नवा स्विच बसवायला आलेल्या माणसाचं नाव पितांबर बोरसे. धुळे जिल्ह्यातल्या एका खेड्यातला माणूस, पंधरा वर्षांपासून जळगावात केबलची कामं करणारा. पुढे एकदा तो मिलमध्ये आला असताना त्याची नजर वर गेली. त्याने मला छगनशेठकडून मागून घेतलं, घरी नेलं, उघडलं आणि रंगाच्या ब्रशने माझ्यातली भुकटी काढली. बायकोला म्हणाला, "कोकिळा, हाऊ अजून दहा वर्ष चालस." त्या क्षणी मला काय वाटलं, ते मी कुठल्या केबलने सांगू?

दिवाळीच्या सुट्टीत त्या दोघांनी मला शाळेत बसवलं. पितांबरभाऊंनी रॅकच्या चौकोनी भोकांत नट अडकवले, मला दोन्ही कानांनी धरून आत सरकवलं आणि चारही स्क्रू सारखे आवळले. कोकिळाबाई खाली सतरंजीवर बसून केबलच्या टोकांना प्लग बसवत होत्या. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा... आठ तारांचा क्रम त्या ओवी म्हणावी तसा पुटपुटायच्या. एक तार इकडची तिकडे झाली तर टोक कापून पुन्हा.

पितांबरभाऊंची एक सवय होती. प्रत्येक केबलला पांढऱ्या पट्टीची चिठ्ठी. 'संगणक १', 'संगणक २'. आणि शाळेच्या ऑफिसातल्या दुसऱ्या स्विचकडे जाणारी जी मुख्य केबल, तिच्यावर त्यांनी लिहिलं 'बठ्ठा'.

"हे काय लिखं तुम्ही?" कोकिळाबाई हसल्या.

"बठ्ठं आठेथीनच जास ना," ते म्हणाले. बठ्ठं म्हणजे सगळं. सगळं इथूनच जातं, म्हणून बठ्ठा. याहून नेमकं नाव मला तरी सुचलं नसतं.

त्या केबलच्या जोडीने त्यांनी आणखी एक केबल टाकली. पहिली उंदराने कुरतडली तर ही कामाला येईल, म्हणून. तिचं ऑफिसकडचं टोक तिथल्या स्विचमध्ये लावून ठेवलं. माझ्याकडचं टोक मात्र मोकळं ठेवून बाजूला बांधलं आणि त्यावर चिठ्ठी लावली, 'बठ्ठा २, लावू नका'.

निघताना कोकिळाबाईंनी विचारलं, "पोर आठेच शिकस, हाई सरांना सांगं का नाही?"

"तिनीच सांगेल शे, शाळेत नाव सांगू नका. ओळखीनं काम भेटनं असं कोणाले वाटाले नको." लेकीनेच तसं बजावलंय, हे सांगताना त्यांचा ऊर भरून आला होता. "पोरीनं डोकं पाहा."

मला त्या पोरीचं फार कौतुक वाटलं. म्हणजे पितांबरभाऊंना वाटलं, तेवढंच.

ती पोर म्हणजे हर्षाली, हे मला त्या प्रश्नाच्या दिवशी, गुरुवारी, कळलं. पैजेचा प्रश्न विचारून, वर्गाला हसवून ती खाली बसली तेव्हा निलोफर तिला म्हणाली, "कोण असेल गं हा बठ्ठाभाऊ?" हर्षाली सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसली. हसताना तिचे कान मात्र लाल झाले होते.

मधल्या सुट्टीत कक्ष रिकामा झाला आणि ती एकटी परत आली. रॅकची किल्ली नेहमी दारालाच लटकलेली असायची. तिने दार उघडलं. चिठ्ठीकडे पाहून ती हळूच म्हणाली, "पप्पा, इंग्रजीत 'मेन' लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?" आणि नखाने चिठ्ठी खरवडू लागली. मग दुसरीही. दोन्ही निघाल्या, पण पहिली ओढताना केबल माझ्यातून निसटली.

आता तिच्या हातात दोन सारख्याच निळ्या केबली होत्या, दोन्ही बिनचिठ्ठीच्या. कोणती निघाली आणि कोणती बांधलेली होती, ते तिला आठवेना. बाहेर पावलं वाजली. ती घाईघाईने म्हणाली, "दोन्ही लावते. एक तरी बरोबर असेलच." तिने दोन्ही खोचल्या, दार लावलं आणि चिठ्ठ्या मुठीत घेऊन पळाली.

मित्रांनो, आता माझी लाज सांगतो. माझ्यापेक्षा महागडे स्विच असतात, त्यांना आपलाच निरोप परत आलेला ओळखू येतो. मला येत नाही. एका संगणकाने सगळ्यांना उद्देशून हाक मारली. मी ती ऑफिसला पाठवली. ऑफिसच्या स्विचने ती दुसऱ्या केबलने मलाच परत केली. मला वाटलं नवी हाक आहे, मी पुन्हा पाठवली. ती पुन्हा आली. एका सेकंदात हजारो वेळा मी तीच हाक ओरडत होतो, आणि माझे सगळे दिवे एकदम पिसाटासारखे लुकलुकत होते. छगनशेठ ज्याला 'सुट्टी घेत नाही' म्हणायचे, तो मी, कामाच्या नावाखाली सगळी शाळा बंद पाडत होतो. कक्ष बंद, ऑफिस बंद, सगळं बंद.

सरांनी संगणक बंद-चालू केले. मलाही केलं. मी पुन्हा तेच सुरू केलं. इंटरनेटवाल्यांना फोन लावला तर ते म्हणाले, आमच्याकडून ठीक आहे. शुक्रवारची संगणकावरची सराव परीक्षा रद्द झाली. शेवटी सरांनी पितांबरभाऊंना बोलावलं.

शनिवारी शाळा सुटायच्या वेळेला दोघं आले. रॅकचं दार उघडून पितांबरभाऊंनी माझ्या दिव्यांकडे फक्त पाहिलं आणि दोन्ही बिनचिठ्ठीच्या केबलींवर बोट ठेवलं. एक उपसली. मी एका क्षणात शांत झालो. दिवे हळू, नेहमीसारखे मिचकू लागले.

"झालं?" भंगाळे सर चकित झाले. "दोन दिवस आम्ही काय काय केलं, आणि एवढंच?"

"एवढंच, सर. राखीव केबल लावली गेली."

मुख्याध्यापिका मॅडम मागेच उभ्या होत्या. "कोणी लावली? तिच्यावर काही लिहिलेलं तर दिसत नाही."

"लिहिलेलं होतं, मॅडम. दोन्हींवर चिठ्ठ्या होत्या."

"मग गेल्या कुठे?"

पितांबरभाऊ खाली वाकले. रॅकखाली, बाकाखाली पाहू लागले. मित्रांनो, बेचाळीस वर्षांचा माणूस गुडघ्यावर रांगत दोन बोटांएवढी पट्टी शोधत होता, आणि ती पट्टी कोणाच्या मुठीतून गेली हे मला ठाऊक होतं. मला चोवीस तोंडं आहेत आणि एकानेही बोलता येत नाही.

"तुम्ही इसरी गयात का?" कोकिळाबाईंनी हळूच विचारलं.

"मी कधी इसरस का?"

मॅडम फार रागावल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "हे पाहा भाऊ, चूक होते माणसाकडून. पण ती मान्य करावी. आपल्या संस्थेच्या धुळ्यातल्या शाळेचं काम तुम्हाला देणार होतो. तिथे साठ संगणक आहेत. त्याचं आता दुसरीकडे बघावं लागेल."

धुळ्याच्या त्या शाळेपासून पितांबरभाऊंचं गाव सात किलोमीटर. त्या कामाबद्दल मला बसवतानाच ते बायकोशी बोलले होते, गावातल्या लोकांना आपण काय करतो ते एकदा दिसेल, म्हणून.  आता त्यांनी फक्त वर पाहिलं.

दारात हर्षाली उभी होती. तिच्या मागे निलोफर आणि चेतना.

बापलेकीची नजर सरळ भेटली. आणि पितांबरभाऊंनी, अनोळखी मुलीकडे पाहून फिरवावी तशी, नजर फिरवून घेतली. तिनेच सांगितलं होतं ना, शाळेत ओळख दाखवू नका म्हणून. अपमान होत असतानाही त्यांनी लेकीचा शब्द पाळला. कोकिळाबाईंनी पदर सारखा केला आणि त्याही पेटीत काहीतरी शोधू लागल्या.

हर्षालीचा चेहरा त्या वेळी कसा झाला, ते मी सांगणार नाही. तेवढी तरी तिची लाज मी राखतो.

मॅडम आणि सर ऑफिसात गेले. मैत्रिणींना 'तुम्ही व्हा पुढे' म्हणून हर्षाली मागे राहिली. पितांबरभाऊ नवी पट्टी कापत होते. ती आत आली, तिने दप्तर उघडलं आणि दोन चुरगळलेल्या चिठ्ठ्या मम्मीच्या हातावर ठेवल्या.

"मी काढल्या."

कोकिळाबाई चिठ्ठ्यांच्या घड्या सरळ करू लागल्या.

"वर्ग हसत होता, पप्पा. मीच हसवलं होतं. मग मलाच... आणि ओळखीने काम मिळाल्याचं वगैरे ते कारण खरं नव्हतं. मला तुमचं नाव कोणाला कळू द्यायचं नव्हतं."

पितांबरभाऊंनी मार्करचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाले, "कोणती केबल कोणती ते समजेना, म्हणून दोन्ही लावल्यात, असंच ना?"

"हं."

"मग पट्टी मी वर लावाले पाहिजे व्हती. नख जास तठे नको. ती चूक मनी शे." चूक आपल्यावर घेऊन ते उठले आणि म्हणाले, "मी मॅडमला सांगस, मनीच चूक व्हयनी. तू घर चाल. दहावीनं वर्ष शे."

"हा, ते बरं," कोकिळाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "मॅडम तुले बोलतीन, पोरी. पप्पासले सवय शे."

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रांना फार काही लागत नाही. रॅकचं दार बंद ठेवा, धूळ झटका, आणि ज्या केबलची माहिती नाही ती ओढू नका. पण त्याहून एक मोठी विनंती आहे. कोणी आपल्या हाताने काही लिहून चिकटवलं असेल, तर त्या अक्षरांना हसण्याआधी त्यांचा अर्थ विचारा. मी दोन दिवस मोठ्याने ओरडत होतो आणि त्यातला एक शब्दही खरा नव्हता. त्या कक्षात पहिला खरा शब्द बोलायला एका मुलीला फार जड गेलं. ते मी पाहिलं आहे.

हर्षाली दारात जाऊन उभी राहिली होती, पप्पांना बाहेर जाता येऊ नये अशी.

"सवय आहे म्हणूनच तुम्ही जायचं नाही, पप्पा. तुम्ही आलात की सगळं स्वतःवर घ्याल. मम्मी, यांना धरून ठेव. मॅडम आणि सर दोघंही आत्ता ऑफिसात आहेत. मी एकटी जाते. काय केलं ते सांगणार, आणि धुळ्याच्या कामाचंही विचारणार. आणि सुरुवात पूर्ण नावाने करणार आहे. हर्षाली पितांबर बोरसे."